बालगंधर्व : रूप, छायाचित्र आणि माणूस

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगविलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत. एकात पुरुषवेषातील नारायण श्रीपाद राजहंस आहेत, तर दुसऱ्यात त्यांनीच साकारलेली रंगभूमीवरील स्त्री आहे. एकाच व्यक्तीची दोन भिन्न लिंगरूपांतील चित्रे एका सार्वजनिक वास्तूत मानाने लावली जावीत आणि ती पाहताना कोणालाही संकोच वाटू नये, ही घटना मराठी सांस्कृतिक जीवनात इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातील असाधारणत्व सहसा लक्षात येत नाही. बालगंधर्वांच्या गायनाविषयी आणि अभिनयाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यांच्या दृश्य प्रतिमेचा, म्हणजे रंगमंचाबाहेर छायाचित्र, चित्रपट आणि तैलचित्र या माध्यमांतून घरोघर पोचलेल्या रूपाचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची मांडणी या प्रतिमेच्या अनुषंगाने करावयाची आहे. ही प्रतिमा कशी घडली, तिने समाजाला काय दिले आणि ती धारण करणाऱ्या माणसाकडून तिने काय वसूल केले, हे तीन प्रश्न या मांडणीच्या केंद्रस्थानी आहेत.

१

पुरुषाने स्त्रीवेष धारण करून लोकांसमोर उभे राहण्याची परंपरा महाराष्ट्रात संगीत नाटकाच्या कितीतरी आधीपासून आहे. लळित, दशावतार, तमाशा या सर्वच प्रकारांत स्त्रीभूमिका पुरुषांकडे असत. या परंपरेचे एक ठळक रूप जव्हार आणि मोखाडा परिसरातील बोहाड्यात पाहावयास मिळते. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी अशा समाजांच्या या भूमीत होळीनंतरच्या काळात गावोगाव बोहाडा उभा राहतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून गावातील पुरुष रात्रभर एकामागून एक सोंगे आणतात. गणपती, सरस्वती, राम, रावण, नरसिंह, वेताळ अशी ही मालिका चालते आणि जगदंबा व महिषासुर यांच्या युद्धाने तिची सांगता होते. संबळाच्या तालावर, उजेडाच्या हलत्या झोतात जगदंबा नाचते तेव्हा मुखवट्यामागे गावातलाच एखादा शेतकरी असतो. हे सर्वांना ठाऊक असते. तरीही त्या घटकेपुरते लोक देवीपुढेच हात जोडतात. पहाट झाली, मुखवटा उतरला, की तो माणूस पुन्हा आपल्या शेतावर जातो. देवीपण मुखवट्याचे असते. ते त्याच्या चेहऱ्याला चिकटत नाही.

बोहाड्याचा हा विशेष ध्यानात घेतला म्हणजे संगीत नाटकाने केलेला बदल स्पष्ट होतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस सीतास्वयंवराचा प्रयोग केला, तेव्हापासून मराठी नाटकातील स्त्रीपात्र मुखवट्याच्या आडून बाहेर आले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढे भाऊराव कोल्हटकरांच्या रूपाने किर्लोस्कर मंडळीला असा नट लाभला की ज्याच्या गळ्यासाठी आणि चेहऱ्यासाठी लोक नाटकाला येऊ लागले. मुखवटा गेला व उघडा चेहराच आता मुखवट्याचे काम करू लागला. चेहरा मात्र पहाटे खुंटीला टांगून ठेवता येत नाही. बालगंधर्वांच्या आयुष्यातील वैभव आणि वेदना या दोहोंचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

२

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. राजहंस घराण्याचे नाते आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाण्याशी होते. वडील श्रीपादराव आणि आई अन्नपूर्णाबाई यांच्या घरी सुबत्ता नव्हती. गाण्याची ओढ मात्र होती. मुलाचा गळा लहानपणीच लक्ष वेधून घेऊ लागला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले, असे परंपरेने मानले जाते. नारायण राजहंस हे नाव कागदपत्रांपुरते उरले. वेष बदलण्याच्या कितीतरी आधी त्यांचे नाव बदलले होते, हे येथे नोंदवावयास हवे. पुढे गाण्याचे रीतसर शिक्षण त्यांना भास्करबुवा बखले यांच्याकडून मिळाले.

भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले आणि किर्लोस्कर मंडळीत एक मोठी पोकळी निर्माण झाली. तिच्या पूर्तीसाठी नारायणाचे नाव पुढे आले, यामागे कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांचा पुढाकार होता. नारायणाला कानाचा त्रास होता व त्यावरील उपचारासाठी शाहू महाराजांनीच त्यांना मिरजेस पाठविले होते. त्या मिरजेतच १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारख्या कसलेल्या तालीममास्तरांच्या हाताखाली त्यांची घडण झाली आणि शकुंतलेच्या भूमिकेतून त्यांचे पदार्पण झाले. सतरा-अठरा वर्षांचा, मिसरूड फुटण्याच्या वयाचा हा तरुण शकुंतला म्हणून उभा राहिला. त्यापुढील अर्धशतक महाराष्ट्राच्या मनातील सुंदर स्त्रीचे चित्र त्याच्या चेहऱ्याशी निगडित राहणार होते.

शकुंतलेमागोमाग सौभद्रातील सुभद्रा, मृच्छकटिकातील वसंतसेना, मूकनायकातील सरोजिनी अशा भूमिका त्यांनी केल्या. परंतु खऱ्या अर्थाने गंधर्वयुगाचा आरंभ झाला तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या मानापमान नाटकाने. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी मृत्यू पावली होती. नाट्यगृहात जमलेला प्रेक्षक परत जाऊ नये म्हणून त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही व ते भामिनी होऊन रंगमंचावर आले. या प्रसंगाचा उल्लेख त्यांच्या चरित्रांतून कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून वारंवार येतो. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घरातील बाप त्या रात्री एका मानी, श्रीमंत, अविवाहित तरुणीच्या वेषात गात होता. आपले दुःख त्याला आपल्या स्वतःच्या देहाने व्यक्त करावयाचे नव्हते, कारण तो देह त्या वेळी दुसऱ्या कोणाचा तरी झाला होता. प्रतिमेने माणसावर केलेला हा पहिला मोठा अधिकार म्हणावा लागेल.

३

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह नारायणराव किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. १९१६ मध्ये संशयकल्लोळ व स्वयंवर ही दोन नाटके मंडळीने रंगभूमीवर आणली. भास्करबुवांच्या चालींनी नटलेल्या स्वयंवरातील रुक्मिणी हा बालगंधर्वांच्या स्त्रीरूपाचा एक कळस ठरला. राम गणेश गडकरी यांचे जानेवारी १९१९ मध्ये निधन झाले. त्यानंतर रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या एकच प्याला या नाटकातील सिंधू हे त्या रूपाचे दुसरे टोक होय. रुक्मिणी भरजरी शालूत आणि अलंकारांत उभी राही, तर मद्यपी नवऱ्याच्या संसारात होरपळणारी सिंधू जुनेर नेसून जात्यावर बसे. एकाच नटाने राजकन्येचे ऐश्वर्य आणि गरीब गृहिणीचे सोसणे ही दोन्ही रूपे समान ताकदीने उभी केल्यामुळे बालगंधर्वांचे स्त्रीरूप केवळ सौंदर्यापुरते मर्यादित राहिले नाही. ते आदर्श कुलस्त्रीचे प्रमाण झाले.

या प्रमाणाचा प्रसार नाट्यगृहाच्या मर्यादेत होणे शक्य नव्हते. तिकीट काढून नाटक पाहणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी बालगंधर्व पाहिले ते छायाचित्रांतून. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या शहरांतून फोटो स्टुडिओ स्थिरावले होते. रविवर्म्याच्या शिळाप्रेसवरील चित्रांनी देवघरांत आणि दिवाणखान्यांत छापील स्त्रीरूपांची सवय लावलीच होती. त्यातील लक्ष्मी, सरस्वती, दमयंती यांच्या उभे राहण्याची, पदर सावरण्याची आणि नजर किंचित कलती ठेवण्याची रीत नाटकातील नायिकेने उचलली आणि स्टुडिओतील कॅमेऱ्याने ती पुन्हा कागदावर आणली. चित्रातून रंगमंचावर आणि रंगमंचावरून छायाचित्रात असा हा प्रवास आहे.

त्या काळातील छायाचित्रणाचे तंत्र ध्यानात घेतले तर या प्रतिमेचे काही विशेष उलगडतात. छायाचित्र काचेच्या पट्टीवर घेतले जाई. मागे रंगविलेला पडदा, बाजूला कोरीव खुर्ची किंवा तिपाई, वरून तावदानांतून येणारा नैसर्गिक प्रकाश आणि समोर तिकाटण्यावरील मोठा कॅमेरा अशी रचना असे. प्रकाशाला पुरेसा अवधी मिळावा म्हणून बसणाऱ्याला निश्चल राहावे लागे. गळ्यातून येणारी प्रत्येक तान चेहऱ्यावर उमटविणाऱ्या नटाला येथे गाणे आणि हालचाल ही दोन्ही साधने बाजूला ठेवून केवळ बैठकीने, मानेच्या वळणाने आणि हाताच्या ठेवणीने स्त्री उभी करावयाची होती. त्या काळच्या काचांना तांबड्या रंगाची जाण नसे; त्यामुळे कुंकू काळसर उमटे आणि लाल शालू गर्द दिसे. काचेवरील दोष पेन्सिलीने भरून काढण्याची रीतही सर्वत्र होती. चेहऱ्यावरील रेषा, हनुवटीवरील दाढीची निळसर छटा, डोळ्यांखालील सावली यांना त्यात वाव राहत नसे. कधी तयार छायाचित्रावर हाताने रंगही भरले जात. अशा रीतीने रंगभूषा, निश्चलता आणि काचेवरचे काम या तीन संस्कारांतून गेलेले रूप बाहेर पडे ते वयाच्या पलीकडचे असे.

हे रूप समाजाने उचलले. बालगंधर्वांची नऊवारी नेसण्याची पद्धत, अंबाड्यावर फुले माळण्याची तऱ्हा, दागिन्यांची निवड, खांद्यावरून शेला किंवा शाल घेण्याची लकब यांचे अनुकरण मध्यमवर्गीय स्त्रिया करू लागल्या. छायाचित्र हाताशी असल्यामुळे हे अनुकरण स्मरणावर अवलंबून राहिले नाही. आरशाशेजारी नमुना ठेवून ते करता येऊ लागले. गुजराती रंगभूमीवर जयशंकर भोजक यांच्या बाबतीत हेच घडले. १९०१ मधील सौभाग्यसुंदरी नाटकातील भूमिकेने त्यांना सुंदरी हे नाव कायमचे चिकटले आणि मुंबईतील गुजराती स्त्रिया त्यांच्या वेषभूषेचा कित्ता गिरवीत. कॅथरिन हॅन्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पारशी, गुजराती आणि मराठी रंगभूमीवरील या घटनेचा एकत्र विचार करून दाखवून दिले आहे की, नव्या मध्यमवर्गीय स्त्रीत्वाचे दृश्य रूप घडविण्यात स्त्रीवेषधारी नटांचा वाटा मोठा होता. येथील विसंगती उघड आहे. घरंदाज स्त्रीला रंगमंचावर पाऊल टाकणे निषिद्ध होते, तिचे छायाचित्र परक्याच्या हाती पडणे अप्रशस्त मानले जाई. पण घरंदाज स्त्री कशी दिसावी हे ठरविण्याचा अधिकार एका पुरुषाच्या देहाला मिळाला आणि त्या देहाचे चित्र भिंतीवर लावण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

४

ही मान्यता सर्वच स्त्रीवेषधारी पुरुषांना मिळाली असती तर तिला समाजाचे औदार्य म्हणता आले असते. प्रत्यक्षात तसे नव्हते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने उत्तर हिंदुस्थानातील तृतीयपंथीयांची नोंदणी सुरू केली आणि नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात वावरणे हा दंडनीय अपराध ठरविला. महाराष्ट्रातील तमाशात स्त्रीवेष घेणाऱ्या किंवा स्त्रीसारखे हावभाव करणाऱ्या नाच्याला प्रेक्षक हसत, पैसे फेकत. परंतु गावात त्याच्या वाट्याला कुचेष्टाच येई. आनंद यादव यांनी नटरंग कादंबरीत या अवहेलनेचे दारुण चित्र रेखाटले आहे. म्हणजे लुगडे तेच, पदर तोच. परंतु ते कोणी, कोठे आणि कोणत्या जातिवर्गाच्या आश्रयाने नेसले यावर टाळ्या मिळणार, चेष्टा होणार की शिक्षा, हे ठरत होते. बालगंधर्वांना शाहू छत्रपतींचा आणि बडोद्याच्या गायकवाडांचा आश्रय होता, अभिजात संगीताचे अधिष्ठान होते, खाडिलकर-गडकऱ्यांची भाषा होती. या कवचामुळे त्यांचे रूपांतर कलेच्या सदरात जमा झाले. त्यांच्या असामान्य प्रतिभेला यामुळे उणेपणा येत नाही. पण ज्यांना असे कवच नव्हते त्यांचे चेहरे छायाचित्रांतून आदराने जपले गेले नाहीत, याची नोंद घेतल्याविना बालगंधर्वांच्या प्रतिमेचा अभ्यास पुरा होत नाही.

चलच्चित्राच्या आरंभीचा एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. दादासाहेब फाळके यांना राजा हरिश्चंद्र या चित्रपटातील तारामतीसाठी कोणीही स्त्री मिळेना. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना मिळाले. ३ मे १९१३ रोजी हा चित्रपट मुंबईत झळकला आणि भारतीय चित्रपटाची पहिली नायिका म्हणून पडद्यावर दिसला तो एक पुरुष. १९१७ च्या लंकादहनात तर साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. नंतरच्या काळात ते कॅमेऱ्याच्या मागे जाऊन छायाचित्रणाचे काम करू लागले. गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली तेच १९१३ हे वर्ष होते. साळुंके यांचे नाव आज अभ्यासकांपुरते उरले आहे. कॅमेऱ्यासमोर आणि कॅमेऱ्यामागे अशा दोन्ही जागा त्यांना मिळाल्या. मात्र त्यांच्या चेहऱ्याभोवती आख्यायिका निर्माण झाली नाही. कदाचित त्यामुळेच त्यांना एका रूपातून दुसऱ्या कामाकडे सहज जाता आले. बालगंधर्वांना ही मोकळीक नव्हती.

५

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी अशी ती जोडी होती. केशवरावांनी पूर्वी स्वतः स्त्रीभूमिका गाजविल्या होत्या आणि नंतर ते पुरुषभूमिकांकडे वळले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे अकाली निधन झाले. स्त्रीभूमिकेतून पुरुषभूमिकेकडे जाता येते याचे हे उदाहरण बालगंधर्वांच्या अगदी समोर होते. तथापि त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता. त्यांच्या स्त्रीरूपावर एक संपूर्ण संस्था उभी होती.

गंधर्व मंडळीचा खर्च राजेशाही थाटाचा होता. भरजरी वस्त्रे, अत्तरे, भव्य नेपथ्य, ऑर्गनची साथ, तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष असा सरंजाम असे. १९२० च्या द्रौपदी नाटकासाठी केलेल्या खर्चाने मंडळी कर्जाच्या गर्तेत गेली. व्यवहारात नारायणराव भोळे होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु या उधळपट्टीचा उगम केवळ स्वभावात शोधणे अपुरे ठरेल. छायाचित्रांतून पसरलेल्या रूपाला प्रत्यक्ष रंगमंचावर दरवेळी उतरावे लागत होते. चित्रातील शालू प्रेक्षकाने पाहिलेला असे. रंगमंचावरचा शालू त्याहून उणा दिसून चालणार नव्हते. देहाचे वय वाढत होते, त्याची भरपाई वस्त्रालंकारांनी करावी लागत होती. प्रेक्षकांना मायबाप मानणाऱ्या आणि समोरच्या प्रत्येकाला देवा म्हणून संबोधणाऱ्या या नटाला त्यांची अपेक्षा मोडणे म्हणजे देव्हाऱ्यातील पूजा चुकविण्यासारखे वाटत असावे.

दरम्यान काळ बदलत होता. हिराबाई बडोदेकर आपली नाटक मंडळी घेऊन रंगमंचावर आल्या. मामा वरेरकरांसारखे नाटककार स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात या मताचे होते. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने आंधळ्यांची शाळा सादर केले आणि ज्योत्स्ना भोळे यांच्या भूमिकेने हा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला. चित्रपट बोलू लागला होता. नाटक मंडळ्या बसू लागल्या. १९३१ मध्ये कान्होपात्रेसारखे नाटक देऊनही गंधर्व मंडळीला हा लोंढा थोपविता आला नाही आणि काही वर्षांतच मंडळी बंद पडली.

नारायणराव प्रभात फिल्म कंपनीकडे आले. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला धर्मात्मा १९३५ मध्ये प्रदर्शित झाला. या चित्रपटाचे मूळ नाव महात्मा असे होते. त्यातून गांधीजींचा बोध होईल या शंकेने सेन्सॉरने ते बदलावयास लावले. यात बालगंधर्व संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत होते. पन्नाशीकडे झुकलेला हा चेहरा प्रथमच हजारो प्रेक्षकांना दाढी-मिशा लपविण्याच्या खटाटोपाविना, स्वतःच्या वयाने दिसला. पण प्रेक्षकांना जे पाहावयाचे होते ते हे नव्हते. प्रभातशी असलेला संबंध एका चित्रपटानंतर संपला. १९३७ मध्ये साध्वी मीराबाई या चित्रपटात त्यांनी पुन्हा स्त्रीवेष घेतला. येथे कॅमेऱ्याने त्यांना साथ दिली नाही. स्टुडिओतील छायाचित्रकार त्यांच्या रूपाशी सहकार्य करीत असे. एक क्षण निवडी, तो स्थिर करी, त्यावर हात फिरवी. चलच्चित्राचा कॅमेरा क्षण निवडून थांबत नाही. तो चालणे, वळणे, श्वास घेणे सारे नोंदवितो आणि जवळ जाऊन गळ्यावरील सुरकुती मोठी करून दाखवितो. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे रूप पडद्यावर अतिजवळ आले आणि कोसळले. विष्णुपंत पागनीस यांच्या उदाहरणाने हा विरोध अधिक स्पष्ट होतो. तेही पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. पण १९३६ च्या संत तुकाराम चित्रपटात ते तुकाराम म्हणून उभे राहिले आणि पुढे लोकांनी त्यांच्याच चेहऱ्यात तुकाराम पाहिला. पागनीसांना जुने रूप टाकून नवे घेता आले, कारण त्यांचे जुने रूप समाजाने आपल्या भिंतीवर कायमचे लावून ठेवले नव्हते.

६

चित्रपटातून परतलेल्या नारायणरावांनी पुन्हा नाटकाची मंडळी सावरण्याचा प्रयत्न केला. याच काळात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. त्यांनी गंधर्वगायकी आत्मसात केली होती आणि बालगंधर्वांनी अजरामर केलेल्या नायिका त्या रंगमंचावर साकारू लागल्या. येथे एक विलक्षण वर्तुळ पुरे होते. एका पुरुषाने घडविलेली स्त्री आता एक स्त्री त्याच्याकडून शिकून उभी करीत होती. स्त्रीने पुरुषाचे अनुकरण करून स्त्री होणे, हा अनुभव मराठी घराघरांत आरशासमोर होतच होता. तो आता रंगमंचावर उघडपणे आला.

या सहवासाने नारायणरावांना सामाजिक रोष पत्करावा लागला. १९४० मध्ये त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. १९५१ मध्ये नारायणराव आणि गोहरबाई विवाहबद्ध झाले. धर्म आणि कुळ यांच्या सीमा ओलांडणाऱ्या या नात्याविषयी बोलताना त्यांच्या चाहत्यांचा सूर बहुधा कडवट होई. रंगमंचावर लिंगाची सीमा ओलांडणाऱ्या नटाला ज्या समाजाने डोक्यावर घेतले, त्याच समाजाला त्याने प्रत्यक्ष जीवनात ओलांडलेली ही सीमा सहन झाली नाही. प्रतिमेला दिलेले स्वातंत्र्य माणसाला द्यावयाची तयारी नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

उतारवयात त्यांच्या पायांतील शक्ती गेली. तरीही गळा टिकून होता आणि बसून भजने म्हणणाऱ्या बालगंधर्वांना ऐकण्यासाठी लोक येत. १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. त्याच १९६४ मध्ये गोहरबाई निवर्तल्या. १९६२ मध्ये पुण्यातील नियोजित रंगमंदिराचे भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झाले होते. ते उभे राहिलेले मात्र त्यांना पाहावयास मिळाले नाही. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी २६ जून रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले.

७

बालगंधर्वांच्या चरित्राकडे अलीकडच्या काळात नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. २०१० मध्ये नटरंग आणि २०११ मध्ये बालगंधर्व असे दोन चित्रपट रवी जाधव यांच्याच दिग्दर्शनाखाली लागोपाठ आले. नाच्या आणि नाट्यसम्राट यांच्या नशिबांतील अंतर प्रेक्षकांना शेजारी ठेवून पाहता आले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींच्या स्वतंत्र ओळखीस मान्यता दिली आणि २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. मुंबईसारख्या शहरांतून अभिमान मिरवणुका निघतात, त्यांत स्त्रीवेषातील पुरुष कॅमेऱ्याकडे पाहून हसतात आणि त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. या कलावंतांपैकी काहींना बालगंधर्व आपले पूर्वज वाटले तर ते स्वाभाविक आहे.

अर्थात येथे अभ्यासकाने विवेक पाळला पाहिजे. नारायणराव गृहस्थ होते. रंगमंचाबाहेर ते कोट-टोपीतच वावरत. त्यांच्या अंतर्मनाविषयी निर्णय देण्यास आवश्यक तो पुरावा उपलब्ध नाही आणि आजच्या संज्ञा त्यांच्यावर लादणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र त्यांचे स्त्रीरूप हा केवळ व्यावसायिक सोयीचा भाग होता, स्त्रिया मिळत नव्हत्या म्हणून तो एक तात्पुरता उपाय होता, असे म्हणून विषय संपविणेही तितकेच अपुरे आहे. स्त्रिया रंगमंचावर आल्यानंतरही प्रेक्षकांना बालगंधर्वांचीच सिंधू हवी होती आणि नारायणरावांनाही ती सोडवत नव्हती. सोयीपोटी घेतलेला वेष सोय संपल्यावर उतरतो. हा उतरला नाही.

आजच्या मिरवणुकीतील कलावंत आणि बालगंधर्व यांच्यात एक मूलभूत अंतर आहे. आजचा कलावंत आपल्या स्त्रीवेषातून स्वतःविषयी काही सांगू पाहतो. त्याचे छायाचित्र ही त्याची स्वतःची साक्ष असते. बालगंधर्वांच्या छायाचित्रातील स्त्री नारायणरावांविषयी काहीच सांगत नाही. ती सांगते ते पाहणाऱ्यांविषयी. त्यांना कशी स्त्री हवी होती, कोणत्या सीमा कोठपर्यंत ओलांडलेल्या त्यांना चालत होत्या आणि कोणाला ती मुभा द्यावयाची नव्हती, याविषयी. समाजाने आपल्या इच्छा एका माणसाच्या चेहऱ्यावर रेखाटल्या आणि त्या चेहऱ्याला म्हातारे होण्याचा हक्क नाकारला.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातील जगदंबेचा मुखवटा पहाटे उतरतो व पुढील वर्षासाठी जपून ठेवला जातो. तो पुन्हा चढविणारा माणूस वेगळा असू शकतो, पण देवी तीच राहते. म्हणून तेथे म्हाताऱ्या होत जाणाऱ्या माणसाला देवीपणाचे ओझे वाहावे लागत नाही. छायाचित्राने बालगंधर्वांना ही सुटका दिली नाही. रंगमंदिरातील दोन तैलचित्रे पाहताना प्रेक्षकाची नजर प्रथम स्त्रीरूपाकडे जाते व मग शेजारच्या पुरुषाकडे वळते. नारायण राजहंसांच्या आयुष्यातही हाच क्रम होता. तो उलटा करून, आधी माणूस पाहून मग त्याच्या रूपाकडे येणे, हे बालगंधर्वांच्या चरित्राच्या अभ्यासकाने स्वीकारावयाचे काम आहे.